बाई आली, बाई आल्या

खराडीला एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी बारशाला गेले होते. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मी शिवलेली कुंची. सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "बाई हो?" मी म्हटलं, "हो." मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आहे, कुणी बाई म्हटलं की मान आपोआप वळते. त्याने बाजूच्या लहान दाराकडे बोट दाखवलं. "बाई लोगों की एंट्री उधर से." तिथे बोटाचा ठसा घेणारं यंत्र होतं. आतून काम आटोपून निघालेली एक जण जेवणाचा रिकामा डबा उघडून दाखवत होती. कुणी दाखव म्हटलं नव्हतं. रोजच्या सवयीने झाकण काढलं, फिरवून दाखवलं, पुन्हा लावलं.

मी विद्यार्थिनीला फोन केला. ती पहारेकऱ्याला म्हणाली, "अहो, त्या माझ्या बाई आहेत!" तो म्हणाला, "हां मॅडम, वही तो. बाई आई है." दोघं एकच शब्द बोलत होते आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी ती धावत खाली आली, फाटकातच माझ्या पाया पडली, तेव्हा तो खुर्चीवरून उठला. माझी माफीही मागितली. डबा उघडून दाखवणारीची मात्र कुणी मागितली नाही, म्हणून ती माफी माझ्या अंगाला लागली नाही.

परत निघताना त्याच्याशी दोन शब्द बोलले. मुलगा आसामचा, नलबारीकडचा, पुण्यात येऊन वर्षही झालेलं नव्हतं. "तुमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या बाईंना काय म्हणतात?" मी विचारलं. तो म्हणाला, "बाइदेउ." मोठ्या बहिणीला बाइ, आदराने बाइदेउ, आणि शाळेतल्या शिक्षिकेलाही तेच. म्हणजे त्याच्या गावात हा शब्द माझ्या शब्दाच्या अगदी शेजारी राहतो. घरकाम करणारी परकी स्त्री हा अर्थ तो पुण्यात येऊन शिकला. त्याला तो कुणी शिकवला, हा प्रश्न त्याला विचारून उपयोग नाही. तो आपल्याला विचारायला हवा, आणि त्यासाठीच हे लिहिते आहे.

शब्द लहान असला की त्याला भाषाभाषांत फिरणं सोपं जातं. काही वेळा तो खरोखर फिरतो, काही वेळा नुसता आवाज जुळतो. कन्नडमध्ये बायि म्हणजे तोंड. हुबळीच्या गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांच्या शिष्या. त्यांच्या नावातली बाई आदराची, आणि घरात बोलायच्या भाषेत तोच आवाज म्हणजे माणूस ज्यातून गातो ते तोंड. बंगालीत बाई म्हणजे वेड, एखाद्या गोष्टीचा ध्यास. सोवळ्याचा, स्वच्छतेचा अतिरेक करणाऱ्याला तिकडे शुचिबाई झाली आहे म्हणतात. हा बाई वायूपासून आला, स्त्रीशी त्याचा संबंध नाही. तमिळनाडूत बाय म्हटलं की मुसलमान गृहस्थ, म्हणजे आपला भाई. जपानीत बाय म्हणजे पट, दुप्पट-तिप्पटमधला. आणि माझ्या वर्गातली पोरं शाळा सुटताना रोज एका दमात ओरडायची, "बाय बाई!" त्यातला पहिला शब्द, देव तुमच्यासोबत असो या इंग्रजी वाक्याचा झिजून उरलेला तुकडा आहे. दुसरा मी.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की आवाजात मान नसतो आणि अपमानही नसतो. बा आणि ई या दोन अक्षरांत कमीपणाचं काही असतं, तर राजस्थानात लाडक्या लेकीला बाईसा म्हटलं नसतं. मग मराठीत, आणि तेही पुण्यात, हा शब्द एका तोंडी उंच आणि दुसऱ्या तोंडी खाली कसा होतो?

माझी आई सदाशिव पेठेत चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरी स्वयंपाकालाही एक जण येत. मी शाळा सुटल्यावर आईबरोबर जाऊन मागच्या दारात बसायचे, त्यामुळे त्या घरातली वाक्यं माझ्या कानात अजून आहेत. "काकू आल्या का?" हे स्वयंपाक करणाऱ्यांबद्दल. "शाळेतल्या बाई काय म्हणाल्या?" हे त्यांच्या मुलीला. आणि "बाई आली का गं?" हे माझ्या आईबद्दल. घर एकच, स्वयंपाकघर एकच, शब्दसुद्धा एकच. फरक होता आली आणि आल्या एवढाच.

मराठीत मान कुठे ठेवलेला असतो, तर क्रियापदात. बाई आली म्हटलं की कामाची, बाई आल्या म्हटलं की शाळेतली. ती बाई, त्या बाई. बाईला सांग, बाईंना सांग. एक अनुस्वार, एक जोडाक्षर, आणि माणसाची जागा बदलते. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची, १७७३ सालची, ध चा मा झाल्याची आख्यायिका शनिवारवाड्याच्या या शहरात पोरासोरांना ठाऊक असते. एका अक्षराने जीव गेला म्हणून ती आपल्या लक्षात राहिली. आल्याचं आली रोज लाखो घरांत होतं, ते आपल्या कानाला जाणवतही नाही.

आणि इथेच या शब्दाची खरी फसगत झाली. नाम भाषेची वेस ओलांडतं, क्रियापद मागेच राहतं. आसामी माणसाने मान नावालाच जोडून ठेवला आहे, बाइच्या पाठीला देउ. राजस्थानी माणसाने सा जोडला. त्यांचा शब्द परगावी गेला तरी मान सोबत घेऊन जातो. आपण बाई म्हणतो आणि मान आल्या-गेल्या-म्हणाल्या यांच्या स्वाधीन करतो. मुंबईच्या हिंदीने बाई उचलली, तिथून ती इंग्रजी बोलणाऱ्या घरांत गेली, तेव्हा आल्या इथेच राहिलं. बाई तेवढी गेली, आणि ती ज्या कामासाठी सर्वांत जास्त वेळा उच्चारली जात होती त्या कामाचंच नाव होऊन बसली. आता तोच शब्द हिंजवडी-वाकड-खराडीच्या फाटकांवरून आपल्याकडे परत आला आहे. मोबाइलवर घरकामाच्या माणसांची यादी उघडा. ड्रायव्हर, कुक, बाई अशी खाती काही ठिकाणी दिसतील. परत आलेला हा अर्थ आपण निमूटपणे घरात घेतला, कारण तो आपल्या ओळखीचाच होता.

ओळखीचा होता हे कबूल केलं पाहिजे. सगळं बाहेरच्यांवर ढकलणं खोटेपणाचं होईल. बाईचा नाद, बाई ठेवणे, बाई-बाटली, बायकी, बाईलवेडा हे आपलेच शब्दप्रयोग आहेत, ते कुठल्या परक्या भाषेने आपल्यावर लादले नाहीत. स्त्रीला जे म्हणतो ते हळूहळू खाली घसरतं, हे मराठीचंच नाही, सगळ्या भाषांचं दुखणं आहे. इंग्रजीतली मिस्ट्रेस घराची मालकीण होती, शाळेतली शिक्षिका होती आणि ठेवलेली बाईही झाली. उत्तरेत गाणारी बाईजी म्हटलं की भुवया उंचावत. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली लग्न करून गाण्यापासून दूर झाल्या, आणि पुन्हा गायला लागल्या तेव्हा बेगम अख्तर म्हणून. गळा तोच होता, नावातली बाई तेवढी गेली. आपल्याकडे मात्र हिराबाई बडोदेकर, मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर हिराबाई, मोगूबाई, केसरबाईच राहिल्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका अंतराळात धाडली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. मला हे वर्गात सांगायला फार आवडायचं. पृथ्वीवरून जे काही सगळ्यांत लांब गेलं आहे त्यात एका बाईंचा आवाज आहे, म्हणजे बाई म्हणून नाव लावणाऱ्या बाईंचा, हे ऐकून मागच्या बाकावरची मुलीसुद्धा सावरून बसायच्या.

पुण्याला तर हा शब्द टाकता येणारच नाही. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या त्या सावित्रीबाई. शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणायचं, या सवयीला इथे निदान पावणेदोनशे वर्षांचा आधार आहे, आणि त्याची सुरुवात अंगावर शेण झेलत शाळेत गेलेल्या बाईंपासून होते. १८८२ साली इथे आर्य महिला समाज उभा केला तो पंडिता रमाबाईंनी. १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या त्या आनंदीबाई जोशी. पुढच्याच वर्षी त्या पुण्यात वारल्या, वय पुरतं बावीसही नव्हतं. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं ते रमाबाई रानड्यांनी. यांच्या नावांतून बाई काढून पाहा. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं, म्हणजे आता इथल्या प्रत्येक पदवीच्या कागदावर बाई छापलेली असते. तो कागद घेऊन नोकरीला लागलेली माणसं संध्याकाळी घरी जाऊन, "आज बाई आली नाही" असं चिडून सांगतात. त्यांना तो एकच शब्द आहे हे जाणवत नाही, आणि मला ते जाणवून द्यायचं आहे.

यावर उपाय म्हणून जे चाललं आहे ते मला पटत नाही. पहिला उपाय शाळांनी काढला. बाई काढा, मॅडम म्हणा, मिस म्हणा, टीचर म्हणा. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडेही हा ठराव आला होता. बैठकीत एक तरुण शिक्षिका उभ्या राहून म्हणाल्या, "मला बाई म्हटलं की कामवालीसारखं वाटतं." त्या प्रामाणिकपणे बोलल्या, त्यांचा राग नाही. पण मी तेव्हा विचारलं तेच आताही विचारते, कामवालीसारखं वाटण्यात वाईट नक्की काय आहे? माझी आई कामवाली होती. तिच्या हातांनी घासलेल्या भांड्यांच्या पैशांतून माझं डी.एड. झालं. शब्दाला तिचा स्पर्श झाला म्हणून तो विटाळला असेल, तर आपण शब्दाचा प्रश्न सोडवत नाही आहोत, शिवाशिव पाळत आहोत. शिवाय मॅडम म्हणजे तरी काय? फ्रेंचमध्ये मा म्हणजे माझी आणि दाम म्हणजे बाई. फिरून तिथेच आलो. त्यात इंग्रजीत कुंटणखाना चालवणारीलाही मॅडमच म्हणतात. पळायचं ठरवलं, तर पळायला एकही शब्द उरणार नाही.

दुसरा उपाय नात्याचा. घरकामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणायचं, ताई म्हणायचं. दवाखान्यात आया मावशी, वॉर्डबॉय मामा, कचेरीतले शिपाई मामा. यात माया असते, नाही असं मी म्हणत नाही. काही घरांत ती खरीच असते. पण कामापुरता मामा ही म्हण आपल्याकडे उगाच झाली नाही. वर्षानुवर्षं मावशी म्हणणाऱ्या माणसाला मावशींचं नाव विचारा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका भल्या गृहस्थांना मी विचारलं होतं. त्यांच्याकडे सात वर्षं येणाऱ्या मावशींचं नाव त्यांना सांगता आलं नाही, आणि ते खरोखर ओशाळले. सख्ख्या मावशीला भर पगारी सुटी लागत नाही, दिवाळीचा बोनस लागत नाही, म्हातारपणी पेन्शन लागत नाही. नातं चिकटवलं की ह्या गोष्टी मागणं मागणाऱ्यालाच जड जातं. आईला एका घरी फार प्रेमाने वागवायचे. पगार वाढवून मागायला तिला तिथेच सगळ्यांत जास्त वर्षं लागली.

मग काम करणाऱ्या बायकांनी स्वतःला काय म्हणवून घेतलं, ते पाहिलं पाहिजे. १९८० साली पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, आणि त्यातून जी संघटना उभी राहिली तिचं नाव पुणे शहर मोलकरीण संघटना. ताई नाही, मावशी नाही. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण, हिशेब शब्दातच आहे. जो शब्द घराघरांत हलका समजला जायचा तोच त्यांनी पाटीवर लावला. १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची संघटना झाली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कचरावाली म्हणणाऱ्या शहराला त्यांनी स्वतःच्या नावात कागद, काच, पत्रा हा सगळा माल मोजून दाखवला, आणि पुढे कष्टकरी लिहिलं. शासनाने मात्र २००८ साली कायदा केला तेव्हा त्याच्या मराठी नावात घरेलू कामगार असा शब्द घातला. घरेलू हा मराठी घरात कुणी बोलत नाही. मोलकरीण लिहायला संकोच वाटला असेल तर घरकामगार हा सरळ शब्द होता. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांना आपलं नाव कायद्यात ओळखू यायला हवं, एवढी साधी गोष्ट.

"शब्दाने काय होतं, पगार द्या," असं मला अनेकांनी सुनावलं आहे. पगार द्यायलाच हवा, त्यावर वाद नाही. पण पगार देणारे आणि न देणारे दोघंही आली म्हणत असतील, तर काहीतरी पगाराच्या पलीकडेही शिल्लक आहे. आईला तिच्या शेवटच्या आजारात मी विचारलं होतं की इतक्या वर्षांत कुठलं घर आवडलं. तिने ज्या घराचं नाव घेतलं तिथे पगार जेमतेम होता. "तिथल्या आजी मला या म्हणायच्या," ती म्हणाली. ये नाही, या. बाकीच्या घरांनी काय काय दिलं ते तिला आठवत होतं, पण आधी आठवलं ते हे.

म्हणून माझं म्हणणं असं की बाई बदलू नका, क्रियापद बदला. भांडी घासणाऱ्या बाईही आल्या, त्यांनाही या, त्याही म्हणाल्या. मुलांसमोर हे जाणीवपूर्वक बोला, कारण मूल व्याकरण पुस्तकातून शिकत नाही, स्वयंपाकघरातून शिकतं. मराठी शाळांनी बाई हा शब्द आब राखून टिकवावा, म्हणजे मुलाच्या कानात तो आधी आदराचा होईल आणि मग कामाचा. सोसायट्यांनी वेगळी दारं आणि पिशव्यांची झडती बंद करावी. आणि इतर भाषांमधून इथे आलेल्या माणसांना आपण मराठी शिका म्हणतो, ते म्हणताना आली आणि आल्या यांतला फरकही शिकवावा. त्या नलबारीच्या मुलाला तो कळायला पाच मिनिटं लागली. बाइदेउंशी समोरासमोर बोलताना त्याच्या भाषेतही क्रियापद बदलतं, त्यानेच मला सांगितलं.

आमच्या कोथरूडच्या इमारतीत मी हा विषय सभेत मांडला. जुनी, सोळा घरांची इमारत, त्यामुळे फार वाद झाला नाही. पहारेकऱ्याच्या वहीत आजवर बाई, फ्लॅट नऊ, बाई, फ्लॅट बारा असं लिहिलं जायचं. ते बंद करून सरळ नाव आणि आडनाव लिहायचं ठरलं. मला वाटलं, झालं. दुसऱ्याच दिवशी सहा जणींपैकी चौघी माझ्या दारात उभ्या. त्यांना आडनाव लिहायचं नव्हतं. वही फाटकावर उघडी पडलेली असते, येणारा-जाणारा आडनाव वाचतो आणि जात ओळखतो, मग पाण्याचा पेला वेगळा होतो. हे मला आधी सुचायला हवं होतं, आईची लेक असून सुचलं नाही. "मग काय लिहू?" मी विचारलं. त्या आपापसांत थोडं बोलल्या. शोभा म्हणाल्या, "नुसतं शोभा नको, पोरीला हाक मारल्यासारखं वाटतं. शोभाबाई लिहा." बाकीच्या तिघींनीही तेच सांगितलं.

वहीत आता चार नावांपुढे बाई आहे. उरलेल्या दोघींनी पूर्ण नाव लिहायला सांगितलं आहे, आडनावासकट.